पाटीवर फक्त आडनाव

(पुण्यात झालेल्या दोन दिवसांच्या युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, 'शहरातलं घर आणि आपण'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. पण समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी येत्या वर्ष-दोन वर्षांत भाड्याचं घर शोधणार आहात. म्हणून आम्ही दोन घरांमधून एक कसं निवडलं, तेवढंच सांगते.

२०१६ची गोष्ट. आम्ही नवरा-बायको आणि माझी धाकटी बहीण असे तिघं राहणार होतो. बहीण सीएची आर्टिकलशिप करत होती. माझं काम एरंडवण्यात, नवऱ्याचं हिंजवडीत.

नवऱ्याचं आडनाव इनामदार. आपल्यात इनामदार आहेत, देशमुख आहेत, पाटील आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. पण पुण्यातल्या घरमालकाच्या ते लक्षातच येत नाही. फोनवर आडनाव सांगितलं की, "या ना इनामदार, संध्याकाळी या, चहा घेऊ." मी मिरजेची, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलण्यावरूनही काही कळायचं नाही. मग समोर गेल्यावर पूर्ण नाव सांगायचं. आणि मग, "अहो, कालच एकांना शब्द दिला." नऊ घरं अशी गेली. दहाव्या घराला निघताना एजंटच म्हणाला, "वहिनी, तुम्ही आडनावावर थांबा. पुढचं मी बघतो."

ते दहावं घर कर्वेनगरमधलं. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बहाव्याचं झाड, भाडं सोळा हजार. स्कूटरवरून माझं काम पंधरा मिनिटांवर, आणि नवऱ्याच्या कंपनीची बस वारज्याला मिळणार. मालक निवृत्त गृहस्थ, एकटे, वरच्या मजल्यावर राहणारे. त्यांना आमचं पूर्ण नाव कळलं आणि तरीही त्यांनी नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल. ते म्हणाले, "मला काही फरक पडत नाही हो. पण सोसायटीत चार माणसं असतात." मग अटी आल्या. घरात मांस-मच्छी शिजवायची नाही. करार नोटरीकडे करू, नोंदणीच्या भानगडीत नको. आणि दारावर पाटी जरूर लावा, पण नुसतं 'इनामदार' लिहा.

तिसरी अट ऐकून मला आधी हसूच आलं. खोटं तर काहीच लिहायचं नव्हतं. आडनाव आमचंच होतं.

नोटरीबद्दल मात्र मी तिथेच अडले, आणि तुम्हीही अडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार अकरा महिन्यांचा असो नाहीतर तीन वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. आता तर एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. नोंदणीकृत करार म्हणजे तुमचा पत्ता. पासपोर्ट, गॅस, बँक, सगळीकडे तोच कागद लागतो. सोसायटीच्या परवानगीचं निमित्तही पुष्कळदा पुढे केलं जातं. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, बस.

पण मालकाने धर्म पाहून घर नाकारलं, तर काय? इथे कायदा फारसा हाताशी येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी घराचा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००५मध्ये न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा तिचा उपविधी वैध ठरवला. आणि २००६च्या सच्चर अहवालात, मुस्लिमांना मिश्र वस्तीत घर विकत किंवा भाड्याने मिळत नाही ही तक्रार नोंदलेली आहे. म्हणजे आपलं दुखणं सरकारदरबारी कागदावर आहे.

दुसरं घर कोंढव्यात, मीठानगरच्या बाजूला. तो शोध एका दिवसात संपला. चौथा मजला, लिफ्ट कधी चालू कधी बंद, पाणी टँकरचं. भाडं साडेबारा हजार, पण टँकरचा हिस्सा वेगळा, तो नीट विचारून घ्यायचा असतो. अम्मीला फोनवर सांगितलं तर तिने पाणीही विचारलं नाही, लिफ्टही विचारली नाही. म्हणाली, "अपने लोगां में रहना, बस." १९९२-९३ नंतर मुंबईतली किती कुटुंबं मुंब्र्याला गेली, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांना विचारा. अम्मीची भीती हवेतली नाही.

मालक चाचा खूप प्रेमाने बोलले. त्यांनीही आडनाव विचारलं. "इनामदार? मग खानदानी आहात." कर्वेनगरात ज्या आडनावाने आमचा धर्म झाकला जाणार होता, त्याच आडनावाने इथे आमची बिरादरी ठरवली. चाचा पुढे म्हणाले, "पिंजारी-बागवान येतात विचारायला, मी देत नाही." सहज म्हणाले, सरबत ओतता ओतता. करार नोंदणीचाच करू, काही अडचण नाही. फक्त एक. "ती मुलगी कोण? बहीण? रात्री दहाला गेटला कुलूप लागतं. दहानंतर मुलीची जात बाहेर, हे इथे चालत नाही."

त्या रात्री मी वहीचं पान काढलं आणि दोन रकाने केले. भाडं, डिपॉझिट, अंतर, पाणी, बस. तीन हजार वाचत होते, पण नवऱ्याचे रोज तीन तास जाणार होते. हिशेब कर्वेनगरच्या बाजूने गेला. मांसाचं मी स्वतः सोडून द्यायला तयार होते, बाहेर खाऊ म्हटलं. बरोबर होतं का ते, मला अजून ठरवता आलेलं नाही. आजोबांना नोंदणीचं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला. पाटीचं मात्र नाही. "मला झोप लागणार नाही," म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

मी आणि नवरा जवळजवळ तयार झालो होतो. बहीण म्हणाली, "माझं आडनाव शेख आहे. माझं कुरिअर आलं तर? पाटी तुमचं झाकेल, आपा. मी त्या घरात कोण म्हणून राहू?"

आम्ही दोघांनी हा विचारच केला नव्हता.

इथे मला मिरजेचं काहीतरी सांगायचं आहे. हे मी आजवर भाषणात सांगितलेलं नाही. मी नववीत होते. आमच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. एक शिक्षक आले, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, बरोबर बायको आणि लहान मूल. मी चहा दिला. अब्बांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं. चहा संपल्यावर म्हणाले, "मास्तर, कालच एकांना शब्द दिला हो." त्या खोल्या पुढे चार महिने रिकाम्या होत्या. पुण्यात मी हे वाक्य नऊ वेळा ऐकलं तेव्हा मला खूप राग आला. पण मी ते पहिल्यांदा ऐकलं आमच्या घरात, रिकाम्या कपबशा उचलताना.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता. २०१५मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो छापून आला. वेगवेगळ्या नावांनी घर मागून पाहिलं. सवर्ण हिंदू नावाला नकार जवळजवळ नाहीच, दलित नावाला बरेच, मुस्लिम नावाला सर्वांत जास्त. नकार न देता वेगळ्या अटी घालणारेही त्यांना खूप भेटले. तो अभ्यास मराठीत, उर्दूत आणून आपल्या मोहल्ल्यात वाचायला हवा. त्यातला आपल्या नावाचा आकडा आपण लगेच वाचू. त्याच्या वरची ओळ वाचताना आवाज खाली जाईल.

तर आम्ही कोंढव्यात गेलो. ते घर चांगलं होतं म्हणून नाही, तिथे निदान तिघांचीही नावं दारावर लागणार होती म्हणून. करारावर सह्या करायच्या आधी बहीण स्वतः चाचांसमोर बसली. म्हणाली, "सप्टेंबरात ऑडिट असतं. मला अकरा वाजतील, कधी साडेअकरा. आत्ताच सांगते, नंतर तक्रार नको." चाचा काही बोलेनात. आतून चाची म्हणाल्या, "चाबी दे दो उसको." गेटची दुसरी चावी तिला मिळाली. पहिले सहा महिने खालच्या मजल्यावरचा पडदा रोज हलायचा, मग बंद झाला. पिंजारी-बागवानांचं मी चाचांशी बोलले नाही. तीन वर्षं राहिलो, तरी नाही. भाडेकरू होते, हे कारण मी स्वतःला देत राहिले. नवऱ्याचे तीन तास रोज जात राहिले, आणि त्यावरून आमची भांडणंही झाली. तेही सांगते, म्हणजे तुम्हाला ही निवड फार थोर वाटायची नाही.

गेल्या वर्षी अब्बांचा फोन आला. माडीवरच्या खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्यात. मिरज दवाखान्यांचं गाव, तेव्हा एक नर्स बघायला आली आहे. एकटीच राहणार. रात्रपाळी असते. अब्बांनी तिचं आडनाव सांगितलं आणि गप्प बसले. मग विचारलं, "काय करू?"

मी विचारलं, "अब्बा, भाडं किती सांगितलंत?"

"अजून सांगितलं नाही."

"मग आत जा आणि सांगा. ती थांबली असेल."