मोटारीचे तेल : डब्यावरचे आणि पुस्तिकेतले



वसंतातल्या व्याख्यानांत श्रोत्यांनी वेदान्त ऐकावा, इतिहास ऐकावा, अर्थसंकल्पावरची टीका ऐकावी, अशी आपली जुनी रीत आहे. तिथे मोटारीच्या वंगणावर बोलावयाचे म्हणजे पंगतीत एकदम चटणीच वाढल्यासारखे होईल, याची मला कल्पना आहे. परंतु आज समोर बसलेल्या पुष्कळ मंडळींच्या घरी मोटार आहे आणि वर्षातून एकदा तरी सर्व्हिसिंगच्या टेबलाशी उभे राहून त्यांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : "साहेब, सिंथेटिक टाकू की साधं?" दोहोंच्या भावात दुपटी-तिपटीचे अंतर. मग कोणी घाबरून महागाचे म्हणतो, कोणी चिडून स्वस्ताचे म्हणतो, आणि दोघेही घरी जाताना मनात साशंक असतात. एकाचे पेन्शनचे पैसे उगीच गेलेले असतात. दुसऱ्याचे इंजिन पाच वर्षांनी उघडावे लागते. यांतला कोण कोणता, हे डब्यावर लिहिलेल्या एका शब्दावरून ठरत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आधी हे तेल करते काय, ते पाहू. इंजिनात दांडा फिरतो तो धातूवर धातू घासून फिरत नाही. मधे तेलाचा पडदा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ, आणि दांडा त्या पडद्यावर तरंगत असतो. हा पडदा फाटला की इंजिनाचे आयुष्य मिनिटांत मोजावयाचे. याखेरीज पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी धरून ठेवणे, आम्ल मारणे, गंज रोखणे, ही कामेही त्याच तीन-चार लिटरांना करावी लागतात. यासाठी डब्यात दोन गोष्टी असतात : मूळ तेल, आणि त्यात मिसळलेली रसायने. मूळ तेल बहुतांश, रसायने थोडी. पण गुण ठरवण्यात त्या थोड्याचा वाटा फार मोठा. सिंथेटिक की साधे हा वाद केवळ मूळ तेलाबद्दलचा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चांगल्या रसायनांचे साधे तेल कंजूष रसायनांच्या सिंथेटिकपेक्षा सरस ठरू शकते.

साधे तेल म्हणजे जमिनीतल्या कच्च्या तेलातून गाळून, मेण काढून, साफ केलेले. मुंबईला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात असे मूळ तेल तयार होते. त्यात लहान-मोठे, सरळ-वाकडे सर्व प्रकारचे रेणू एकत्र असतात. मंडईतल्या वाटाण्यांच्या ढिगासारखे, काही टपोरे, काही किडके. सिंथेटिक म्हणजे एकसारखे रेणू रसायनशाळेत बांधून केलेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना तेलाची टंचाई आणि रशियातली थंडी अशा दोन्ही अडचणी होत्या. त्यातून या विद्येला वेग आला. पुढे जेट विमानांनी ती उचलली, आणि १९७० नंतरच्या दशकात ती मोटारीच्या डब्यात आली.

पण पुढे एक गंमत झाली. खनिज तेलावरच हायड्रोजनाचा जबर मारा करून, त्याचे वाकडे रेणू मोडून सरळ करण्याची रीत निघाली. त्या तेलाला तिसऱ्या गटाचे तेल म्हणतात. हे तेल सिंथेटिक म्हणावे की नाही? अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांचे यावरून भांडण झाले आणि १९९९ साली तिथल्या जाहिरातींचा न्यायनिवाडा करणाऱ्या मंडळाने म्हणावयास हरकत नाही, असा निर्णय दिला. तेव्हापासून बाजारातले पुष्कळसे सिंथेटिक हे मुळात जमिनीतलेच तेल असते. जर्मनीत मात्र अशा तेलाला पूर्ण सिंथेटिक म्हणू देत नाहीत. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण हे तेल खरोखर उत्तम असते. पण "कृत्रिम" आणि "नैसर्गिक" असा जो भेद आपण मनात धरून बसतो तो डब्याच्या आत तितकासा उरलेला नाही. अर्ध-सिंथेटिक म्हणून जे विकतात त्यात चांगले किती आणि साधे किती, हे तर बहुधा डब्यावर लिहिलेलेही नसते.

आता आकड्यांकडे येऊ. पाच-डब्ल्यू-तीस, वीस-डब्ल्यू-चाळीस असे जे लिहिलेले असते त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पहिला जितका लहान तितके ते कडाक्याच्या थंडीत पातळ राहते, आणि सिंथेटिकची कीर्ती मुख्यतः या पहिल्या आकड्यावर उभी आहे. पाच-डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली ३० अंशांवर घेतात; वीस-डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांवर. आणि आपले पुणे? सिमला ऑफिसच्या वहीत या शहराचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे : १.७ अंश, तोही शून्याच्या वर. म्हणजे जे वीस-डब्ल्यू तेल आपण "जाड" म्हणून हिणवतो तेही पुण्याच्या थंडीला पुरून उरेल असे आहे. कॅनडातल्या भाच्याने फोनवरून दिलेला सल्ला कॅनडात खरा आहे. मार्गशीर्षातल्या पहाटे कोथरूडात कानटोपी लागते, पण त्या थंडीत तेल गोठत नाही.

मग सगळ्यांनी साधे तेलच घालावे काय? नाही, कारण प्रश्न निवडण्याआधीच पुष्कळ वेळा निकालात निघालेला असतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आपण हातमोजाच्या कप्प्यात विमा-पावतीखाली दाबून ठेवतो. ती उघडून पाहा. अलीकडच्या पेट्रोल गाडीत तिथे शून्य-डब्ल्यू-वीस किंवा पाच-डब्ल्यू-तीस लिहिलेले आढळेल. हे थंडीसाठी लिहिलेले नाही. तेल पातळ असले की इंजिनाची शक्ती ते ढवळण्यात कमी खर्च होते आणि पेट्रोल वाचते. सरकारने इंधनबचतीचे निकष लावल्यापासून कारखानदारांना थेंबाथेंबाचा हिशोब द्यावा लागतो. त्या तेलासाठी बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, सारे मोजून केलेले असते. आणि इतके पातळ असूनही तापल्यावर उडून जाणार नाही असे तेल जुन्या पद्धतीच्या खनिज तेलातून धड बनतच नाही. तेव्हा पुस्तिकेत शून्य-डब्ल्यू-वीस असेल तर सिंथेटिक घ्यावे की नाही हा प्रश्न आपला नाहीच. तो इंजिन आखणाऱ्याने सोडवलेला आहे. त्या गाडीत "आपल्याकडे ऊन फार" म्हणून कोणी वीस-डब्ल्यू-पन्नास ओतले तर तो उन्हाचा बंदोबस्त होत नाही. तापलेल्या इंजिनाचे पाणी ४० अंशांच्या दुपारी आणि १५ अंशांच्या रात्री जवळजवळ एकाच तापमानाला राहते. थर्मोस्टॅट आणि पंखा यांचे कामच ते आहे.

ज्या गाड्यांच्या पुस्तिका दोन्ही तेलांना परवानगी देतात, म्हणजे बहुतेक दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या पेट्रोल गाड्या, तिथे खरी निवड उरते. तिथे विचारावे ते असे, की गाडी चालते कशी?

आपल्या शहरातली एक ठरावीक गाडी घ्या. मालक निवृत्त. सदाशिव पेठेतून मंडई, मंडईतून डेक्कन, गुरुवारी दत्ताला, रविवारी मुलीकडे सहकारनगरला. वर्षाचे चार हजार किलोमीटर. मालकाची समजूत अशी, की आपली गाडी आरामात आहे. दहा हजार व्हायला अडीच वर्षे लागतील, तोवर तेल बदलायचे कशाला? वस्तुतः इंजिनाला हा आराम फार महाग पडतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, पण रसायनशास्त्राचा हिशोब तसाच आहे. ते बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जाते. थोडे पिस्टनच्या कड्यांमधून खाली तेलात उतरते, त्याबरोबर न जळलेले पेट्रोलही. इंजिन चांगले तापले तर ते उडून जाते. पण पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापले असे नव्हे. तेलाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत दोन किलोमीटर जाऊन आपण किल्ली फिरवलेली असते. पाणी आणि पेट्रोल आत साठत जाते, आम्ल होते, तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्याच साखर कारखान्यांचे ते पुण्य! ते पाण्याशी सलगी करणारे असल्याने थंड इंजिनात ही तक्रार वाढू शकते, घटत नाही.

अशा गाडीत महाग सिंथेटिक घातले म्हणून पाणी यायचे थांबत नाही. तिला हवे आहे वेळेवर बदललेले तेल : किलोमीटर कितीही होवोत, वर्षातून एकदा. आणि आठवड्यातून एकदा कात्रजपर्यंत किंवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सलग अर्धा तास फेरी. भाव दुकानागणिक निराळे, म्हणून हिशोबापुरते धरू : साधे ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ८००, इंजिनात साडेतीन लिटर. एकाला १,२२५ रुपये, दुसऱ्याला २,८००. बदलायचे दोन्ही वर्षातूनच. या गृहस्थाचे वर्षाला दीड हजारांवर रुपये शब्दासाठी जातात. त्यात सिंहगडाच्या किती फेऱ्या होतील ते त्यांनीच मोजावे.

आता दुसरा गृहस्थ पाहा. आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गाने मुंबई, महिन्यातून एकदा खंबाटकी उतरून कोल्हापूर. वर्षाचे पंचवीस हजार. बोरघाटाच्या चढावर गाडी भरलेली, वातानुकूलन चालू, पुढे ट्रकांची रांग. इथे तेलाचा शत्रू पाणी नाही, उष्णता आहे. तेल तापमानाच्या दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट वेगाने सडते असा ढोबळ नियम आहे, आणि एकसारख्या रेणूंचे तेल या सडण्याला अधिक काळ दाद देत नाही. साधे तेल पाच हजारांनी बदलले तर वर्षात पाच वेळा. फिल्टर आणि मजुरी दर खेपेला ५०० धरली तर ८,६२५ रुपये. सिंथेटिक दहा हजारांनी म्हणजे सरासरी अडीच वेळा, ८,२५० रुपये. महागाचे तेल इथे स्वस्त पडले, शिवाय गॅरेजातल्या बाकावर बसून जुने दिवाळी अंक वाचण्याचे कष्ट निम्म्यावर आले. मात्र पुस्तिका दहा हजार म्हणत असताना सिंथेटिक आहे म्हणून वीस हजार चालवणे, हा हिशोब मी मांडलेला नाही.

दोन जातींच्या इंजिनांत मात्र काटकसर करू नये. पहिली जात टर्बो पेट्रोलची. लहान इंजिनाला पंखा लावून मोठ्याचे काम करून घेतात. त्या पंख्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तोही याच तेलावर तरंगतो. शिवाय कमी गतीला जोर लावला असता वेळेआधीच ठिणगीवाचून पेट घेण्याची खोड या इंजिनांना असते, आणि ती तेलातल्या रसायनांवर अवलंबून असते, असे आढळून आले. म्हणून २०२० पासून एपीआयचा एसपी हा दर्जा आला. इथे डब्याच्या मागच्या बाजूची ती दोन अक्षरे पुढच्या सोनेरी शब्दापेक्षा महत्त्वाची.

दुसरी जात म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, भारत स्टेज सहाची डिझेल. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आहे. तेलातल्या धातूंची राख त्या गाळणीत बसते आणि ती जाळून जात नाही. म्हणून कमी राखेचे तेलच लागते. नेहमीचे घातले तर बिघडते ते इंजिनाआधी गाळणी, आणि तिची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. काजळी मात्र जाळता येते. त्यासाठी गाडी थोडे जास्तीचे डिझेल आत सोडून धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. हे काम पंधरा-वीस मिनिटांच्या सलग धावेत पुरे होते. पेठेत ते दर वेळी अर्धवट तुटते आणि ते जास्तीचे डिझेल तेलात झिरपते. डिपस्टिकवर तेल वाढलेले पाहून काही मंडळी खूश होतात, की गाडी तेल खात नाही! तेल वाढत नसते, त्यात डिझेल मिसळून ते पातळ होत असते. ज्यांचा प्रवास गावातल्या गावात आहे त्यांनी अशी डिझेल गाडी मुळात का घ्यावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

जुन्या प्रीमियर पद्मिनी जिवापाड सांभाळणारे रसिक या शहरात आहेत. त्यांनी जाड तेल वापरावे, त्यात जस्ताचे रसायन पुरेसे आहे ना ते पाहावे, आणि सिंथेटिकच्या नादी लागू नये. ते इंजिन त्या काळच्या तेलाचे आहे.

बाकी समजुती थोडक्यात. एकदा सिंथेटिक घातले की परत साध्यावर येता येत नाही, हे खरे नाही; दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि वाटेत तेल कमी पडले तर जवळच्या पंपावरचे योग्य श्रेणीचे ओतावे, कोरडे चालवू नये. तेल काळे झाले म्हणजे वाईट झाले, हेही नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे, आणि डिझेलमध्ये ते पहिल्याच दिवशी काळे होते. दुकानात अस्सल डब्यात नक्कल भरून विकणारे आहेत, तेव्हा झाकणाचे सील पाहून, पावती घेऊन आणि आपल्यासमोर डबा फोडवून घ्यावा. रिकामा डबा गॅरेजात तसाच सोडू नये. त्याला भोक पाडावे.

आणि काढलेल्या तेलाविषयी. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते; ते नोंदणी झालेल्या शुद्धीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. नियम कागदावर आहे. तुमच्या गॅरेजवाल्याचे पिंप कोण उचलतो, हे मात्र तुम्हीच विचारू शकता. कोणी हौसेने घरच्या आवारात तेल बदलत असेल तर जुने तेल नव्याच्या रिकाम्या डब्यात भरावे, झाकण लावावे आणि गॅरेजात नेऊन द्यावे. डब्याला भोक पाडावयाचे ते तिथे, तो रिकामा झाल्यावर. सोसायटीच्या गटारात ओतलेले तेल मृगाच्या पहिल्या पावसात नाल्याने मुठेत उतरते, आणि पुलावरून खाली पाहणाऱ्याला पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ते त्याचेच.