कौलाच्या तुकड्याचा पत्ता

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी कौलांच्या तुकड्यांवर बोलणार असे कळविले, तेव्हा चिटणीसबाई जरा घुटमळल्या. वर्धापनदिनाला कोणी भगरीचे नवे पदार्थ सांगते, कोणी मुलांच्या आरोग्यावर बोलते. आणि ही बाई उकिरड्यावर फेकावयाच्या वस्तू घेऊन व्यासपीठावर चढणार! त्यांचे घुटमळणे मला समजले. पण हा विषय आपला आहे, आणि पुरुषमंडळींपेक्षा आपलाच अधिक आहे, असे मला वाटते.

कसे ते पाहा. नांगर धरणारा समोर पाहतो; निंदणीला बसलेली बाई खाली पाहते. शेतातली खापरी आधी लागते ती तिच्या खुरप्याला. घर सारवावयास पांढरी माती हवी म्हणून खाली सपाटीवरच्या गावांत बायका टोपल्या घेऊन जातात, त्या बहुधा जुन्या पांढरीवर. पांढरी म्हणजे काय? जिथे शेकडो वर्षे माणसांनी घरे बांधली, ती पडली, त्यावर पुन्हा बांधली, चुलींची राख आणि भिंतींची माती साचत गेली, ती जागा. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, हे आपल्याकडे शाळेत न जाताही कळते. म्हणजे पांढरी खणणारी बाई जुने गावच खणत असते. फक्त तिला तसे कोणी सांगितलेले नसते.

शिवाय भाजलेल्या मातीची पारख आपल्याला आहेच. खानदेशात मांडे होतात ते पालथ्या खापरावर. बाजारात माठ घेताना टिचकी मारून कच्चा-पक्का ओळखतो तो आपणच. तीच टिचकी, तीच नजर येथे लावावयाची आहे.

मी काही पुराणवस्तूंची पंडित नव्हे. मला हा नाद लागला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक आधी सांगितलेली बरी.

माझे माहेर तापीकाठचे, प्रकाशाच्या बाजूचे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या या क्षेत्राला आपण दक्षिणकाशी म्हणतो. तेथील पांढरीत १९५४-५५ साली केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. एकावर एक असे चार काळांच्या वस्त्यांचे थर लागले, आणि सर्वांत खालचा तीन हजार वर्षांहून जुना, तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या लोकांचा. घरातली वडीलधारी माणसे त्या खणण्याच्या गोष्टी सांगत. त्या ऐकून मीही सुटीत नदीकाठाने हिंडून तुकडे वेचू लागले. घाटाजवळचे काही, पावसाने खचलेल्या दरडीतले काही, एका शेताच्या बांधावरचे काही. सगळे घरी आणून धुतले, घासले आणि बिस्किटांच्या एका डब्यात भरले. लग्नानंतर तो डबा माझ्याबरोबर सासरी आला.

पुष्कळ वर्षांनी एका जाणत्या गृहस्थांनी तो डबा पाहिला. एक सपाट, जाड तुकडा त्यांनी बाजूला काढला. त्यावर एक सरळ खोबण होती आणि तुटलेल्या कडेला अर्धे भोक. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "हा कुठे मिळाला?" मी म्हटले, नदीकाठी. "नदीकाठी कुठे? दरडीत की वर? किती खोल? शेजारी काय होते?" मला एकाचेही उत्तर देता येईना. त्यांनी तो तुकडा अगदी हलकेच पुन्हा डब्यात ठेवला आणि म्हणाले, "मग याच्याविषयी मला काही बोलता येत नाही." रागावले असते तर बरे वाटले असते. पुढे मी माहेरी गेले तेव्हा मुद्दाम ती जागा पाहून आले. दरड केव्हाच सपाट झाली होती, आणि तिच्यावर केळी उभी होती.

असो. तुकडा ओळखावा कसा, ते आता सांगते.

पहिला प्रश्न असा की तुकडा मडक्याचा की कौलाचा? मडके उभेही वळलेले असते आणि आडवेही. त्याच्या तुकड्यावर विणकामाची सुई कशीही ठेवा, ती बहुधा डुगडुगते. आपले देशी नळीचे कौल एकाच दिशेने वळलेले असते. लांबीच्या बाजूने सुई ठेवली की ती सगळीकडे टेकते. याचे कारण कौल घडते त्यात आहे. कुंभार चाकावर एक निमुळता नळा काढतो, ओला असतानाच सुरीने त्याला दोन बाजूंना उभी चीर देतो, आणि वाळल्या-भाजल्यावर तो चिरेवर मोडून एकाची दोन कौले करतो. म्हणून कडेला काही जाडीपर्यंत सुरीची गुळगुळीत रेघ दिसते आणि उरलेल्या भागात मोडल्याची खरबरीत कड. आतल्या अंगाला चाकावर फिरलेल्या बोटांच्या आडव्या रेघा असतात. इतकी खूण पटली, तर तुकडा नखाएवढा असला तरी कौलाचाच.

मंगळुरी कौल ओळखणे सर्वांत सोपे. ते साच्यात दाबलेले, सपाट, एकात एक अडकणारे, आणि पाठीवर कारखान्याचे नाव. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला हा कारखाना काढला. म्हणजे या घाटाचा तुकडा ज्या थरात निघेल तो थर त्या सालानंतरचा. एका अक्षराच्या तुकड्याने अख्ख्या थराचे वय सांगितले की नाही?

आता जुने कौल. १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. सांकळिया आणि दीक्षित यांनी, आणि १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला डॉ. सांकळिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातील सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सातवाहनांच्या वेळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, घरांवर कौले होती हे अशा उत्खननांतून दिसले. ती नळीची नव्हेत. सपाट, वर खोबणी पाडलेली, एका टोकाला लोखंडी खिळ्यासाठी भोके असलेली. त्यांची चित्रे पाहून मी पुठ्ठ्याचा एक नमुना केला आहे, तो टेबलावर आहे. भोकाकडे नीट पाहावे. माती ओली असताना पाडलेल्या भोकाची कड गोलसर असते, मागून पडलेले भोक खरवडल्यासारखे दिसते.

त्याच्याही आधी कौले नव्हतीच. प्रकाशाच्या तळच्या थरातील लोक काय, किंवा पुणे जिल्ह्यात १९६८ पासून खणलेल्या इनामगावचे लोक काय, त्यांची घरे कुडाची आणि छप्पर गवताचे. हे ऐकून मोलगीच्या बाईला नवल वाटावयास नको. बांबूच्या तट्ट्याला माती लिंपून आपण आजही भिंती करतो. पण येथेच फसगत होते. असे घर जळले की लिंपणाची माती भाजून लाल, कडक होते आणि कौलाच्या तुकड्यासारखी दिसते. ती उलटून पाहावी. मागे बांबूच्या कामट्यांचे ठसे उमटलेले असतात. त्याला कौल म्हणून टाकून देऊ नये. जळालेल्या घराची ती भिंत असते.

चकाकी असलेला तुकडा निघाला तर गोष्ट वेगळी. काचेसारखा लेप दिलेल्या फरशा राजवाड्यांत आणि देवळा-चर्चांत बसविल्या जात. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल हे नावच निळ्या चकाकीच्या फरशांवरून पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने तेथेच कैदेत ठेवले होते. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या पडक्या मठात पोर्तुगीज निळ्या फरशांचे तुकडे निघाले आहेत. त्याच मठात २००४ साली जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे हाड पुरातत्त्व खात्याला मिळाले. ही राणी १६२४ साली शिराझला मारली गेली आणि तिचे अवशेष साधूंनी गोव्याला आणले होते. ते मठात कोठे ठेवले हे जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. त्या वर्णनावरून जागा शोधली, हाड मिळाले, मग २०१३ साली शास्त्रीय परीक्षेने खात्री पटली, आणि २०२१ साली भारताने तिचे अवशेष जॉर्जियाला दिले. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी कोणी तरी साधूने जागा नीट लिहून ठेवली होती, त्याचे हे फळ.

आपल्याकडे कोण लिहून ठेवणार? मोलगीच्या बाजाराला येणाऱ्या नर्मदाकाठच्या बायकांना मी काय सांगावे! १९९३ पासून मणिबेलीत सरदार सरोवराचे पाणी शिरू लागले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले. २०१९ साली धरण पहिल्यांदा काठोकाठ भरले. घरे उतरवताना लाकूड, कौले जमतील तेवढी माणसांनी नव्या जागी नेली. फुटलेली तेथेच राहिली. तापीकाठीही १९७२ सालच्या उकाई धरणाने तसेच झाले. त्या फुटक्या कौलांना आज कोणी विचारू शकत नाही की ती कोणत्या गावच्या कुंभाराने केली, कोणाच्या घरावर होती. आणि पाण्याखाली न गेलेल्या गावांत तरी काय? घरकुलावर सिमेंटचा स्लॅब पडतो, बाकी घरांवर पत्रा, आणि शाकारणीला दरवर्षी चाळली जाणारी देशी कौले रस्त्याच्या खड्ड्यात जातात. पत्रा नको असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात रात्री उठून गळतीखाली भांडी लावण्यात मलाही आनंद नाही. फक्त उतरवताना एक अख्खे कौल बाजूला ठेवा आणि चार ओळी लिहा.

त्या चार ओळी अशा. तारीख. गाव, पाडा आणि शेत असेल तर गट नंबर. जागा, म्हणजे विहिरीपासून किती पावले, कोणत्या दिशेला. मोबाईलवर जागेचे आकडे दिसतात, तेही उतरवून घ्यावेत. वर पडलेला होता की खणताना निघाला, खणताना असेल तर किती वीत खाली. शेजारी काय होते: राख, हाडे, काचेची बांगडी, रंगीत खापरी. हे लिहिल्याखेरीज तुकडा हलवू नये. हलवण्याआधी फुटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. फुटपट्टी नसेल तर रुपयाचे नाणे. एका जागेचे तुकडे एका पिशवीत, आत चिठ्ठी, आणि तोच क्रमांक तुकड्याच्या मागच्या बाजूला काळ्या शाईने बारीक अक्षरात. नक्षी किंवा अक्षर असेल तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी, म्हणजे ठसा उमटतो. जाडी तीन ठिकाणी मोजावी. ताज्या तुटीवर रंग पाहावा: बाहेर लाल आणि मधे काळसर पट्टा असेल तर भट्टीत हवा नीट लागली नव्हती, बारीक पोकळ रेघा असतील तर मातीत भुसा मिसळला होता. पण हे पाहण्यासाठी नवीन तुकडा मोडावयाचा नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि माझ्यासारखा घासावयाचाही नाही. मऊ कुंचल्याने माती झटकली की पुरे.

कित्येकींना वाटेल, सापडले तर सरकार शेत घेईल. कौलाच्या चार तुकड्यांसाठी कोणी शेत घेत नाही. नाणी, दागिने यांसारखे दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले, तर मात्र त्याची खबर कलेक्टरकचेरीत देण्याचा १८७८ चा कायदा आहे, आणि जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत. म्हणून बाजारात कोणी जुनी मूर्ती, मणी मागावयास आले, तर देऊ नये. मोठा साठा किंवा भिंतीची रांग दिसली, तर खणणे तेथेच थांबवून तलाठ्याला कळवावे. वेचणाऱ्याच्या हातून केवढे काम होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर धाराशिव जिल्ह्यात तेरला जावे. तेथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून वर्षानुवर्षे वस्तू जमविल्या, आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय उभे आहे.

मंडळाच्या कपाटात मी आजपासून एक जाड वही ठेवीत आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बाजाराच्या दिवशी सांगावे. आपल्या शाळेत जाणाऱ्या मुली लिहून घेतील. भिलोरीत किंवा पावरीत कौलाच्या भागांना, भट्टीला जी नावे आहेत, ती तशीच लिहावीत. शुद्ध मराठी करण्याच्या भानगडीत पडू नये. पहिल्या पानावर मी माझा तो खोबणीचा तुकडा नोंदला आहे. "जागा" या रकान्यात "प्रकाशाजवळ, तापीकाठ, नक्की ठिकाण माहीत नाही" असे लिहावे लागले.

टेबलावर पुठ्ठ्याच्या नमुन्याशेजारी तीन तुकडे आहेत: माझा तो, मोलगीतल्या एका घराचे नळीचे कौल, आणि मंगळुरी कौलाची अक्षरे असलेली पाठ. चहा होईपर्यंत ते हातात घेऊन पाहावेत, सुई टेकवून पाहावी. मात्र ज्या चिठ्ठीवरून उचलाल, त्याच चिठ्ठीवर परत ठेवा.