मोड आणि मोल

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने जुन्या सूझाफोनांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. लग्नाच्या वरातीत बँडच्या मागच्या रांगेत एक माणूस पितळेचा भला थोरला विळखा अंगाभोवती घालून चालत असतो आणि त्याच्या डोक्यावर परातीएवढा भोंगा पुढे तोंड करून उभा असतो. ते वाद्य म्हणजे सूझाफोन. अशी तीन जुनी वाद्ये मी गेल्या काही वर्षांत जमवली आणि दुरुस्त करून घेतली. त्या खटाटोपात एक गोष्ट मला उशिरा का होईना उमगली. ती आपल्यापुढे मांडावी, एवढाच आजचा हेतू आहे.

हे वाद्य मूळचे अमेरिकेतले. जॉन फिलिप सूझा हे तेथील नौसैनिक दलाच्या बँडचे प्रमुख होते. 1892 साली त्यांनी स्वतःचा बँड काढला. त्या काळी खर्जाच्या सुरासाठी हेलिकॉन नावाचे, खांद्यावरून घालायचे वाद्य वापरात होते. पण त्याचा आवाज एकाच दिशेला जाई. तो सगळ्या वाद्यवृंदावर पसरावा, अशी सूझांची इच्छा होती. त्यांच्या सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी 1893 साली नवे वाद्य घडवले. त्याचा भोंगा आकाशाकडे उघडा असल्यामुळे लोक त्याला थट्टेने ‘पाऊस झेलणारे’ म्हणत. भोंगा समोर वळला तो नंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. आज प्रचलित असलेल्या वाद्यातील नळी उलगडली, तर ती सुमारे 18 फूट भरते.

आता यातले अर्थशास्त्र पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. या धातूला बाजारात स्वतःचा भाव आहे, आणि तोच या वाद्याचा जन्माचा वैरी आहे. 1942 साली युद्धासाठी धातू आणि कारखाने लागतात म्हणून अमेरिकी सरकारने अशा वाद्यांचे उत्पादन थांबवले. ज्या हातांनी भोंगे घडवले, त्यांच्याकडे युद्धसामग्रीची कामे आली. पुढे 1960 नंतरच्या काळात शाळकरी मुलांना पेलावेत म्हणून फायबरग्लासचे हलके सूझाफोन आले, आणि युद्धापूर्वीची जड वाद्ये तेथील संग्राहकांच्या आवडीची झाली. आपल्याकडे बँडची वाद्ये मुख्यतः मीरतच्या जलीकोठी भागात घडतात. तेथून निघालेले वाद्य गावोगावच्या वराती करते आणि थकले की भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. वस्तू ‘मोडीत काढणे’ हा आपला शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा ठरतो.

माझे तिसरे वाद्य मला असेच मिळाले. 2020 च्या पावसाळ्यात. टाळेबंदीमुळे त्या वर्षीचा लग्नाचा हंगाम बुडाला होता. बावीस हंगाम खर्ज वाजवलेला एक वादक आपला सूझाफोन विकायला निघाला होता. वजन 12 किलो. भंगारवाला किलोला 300 रुपये देत होता, म्हणजे 3,600. मी 5,000 दिले आणि आपण मोठे औदार्य दाखवले, अशा समाधानात घरी आलो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी सांगत आलो की, गरजू विक्रेता आणि सवडीने घेणारा ग्राहक यांच्यातील व्यवहाराला मुक्त करार म्हणणे ही थट्टा आहे. ग्राहक मी स्वतः होतो, तेव्हा मात्र ते मला आठवले नाही.

दुरुस्ती सत्तरी ओलांडलेल्या एका कारागिराने केली. पहिले दोन दिवस अडकलेल्या सरकत्या नळ्या सोडवण्यात गेले. तेल मुरू द्यायचे, बेताची आच द्यायची, जोर करायचा नाही. मग पोचे. नळीच्या आत पोलादी गोळा सरकवून बाहेरून हलक्या हाताने ठोकत पत्रा मूळ गोलाईवर आणावा लागतो. घाई केली तर पत्रा ताणतो आणि विरळ होतो. काही ठिकाणी गुलाबी डाग होते. पितळेतले जस्त झिजून तांबे उरले की असे डाग पडतात. तेथला धातू आतून कुजलेला असतो, तो तासून ठिगळ लावावे लागते. पिस्टनच्या फटींतून वारा निसटत होता. एका सांध्याला दोरा गुंडाळून वर मेण थापलेले होते. कारागीर ते काढताना म्हणाला, ‘‘साहेब, डाख द्यायला पैसे नव्हते, पण सूर सोडला नाही त्यानं.’’

भोंग्यावर त्या बँडचे नाव लाल रंगात लिहिलेले होते. संग्राहकांची रीत अशी की, असले रंग खरवडून पितळ झळाळते करायचे. मी ते करू दिले नाही. यंत्राने जोरात घासले की झळाळीबरोबर धातूही जातो, हे त्याचे तांत्रिक कारण. दुसरे कारण असे की, ज्यांनी ते वाद्य वाहिले त्यांचा तेवढाच लेखी पुरावा उरला होता. अकरा दिवसांच्या कामाचे मी 9,000 रुपये दिले. एकूण 14,000 झाले. मोडीच्या हिशेबात मी बुडालो.

वाद्य तयार झाल्यावर त्या वादकाला बोलावले. तो आता एका सोसायटीत रात्रपाळीचा पहारेकरी आहे. त्याने वाद्य अंगावर घेतले, तिसऱ्या पिस्टनवर अंगठा फिरवला आणि फुंकर घातली. खिडकीच्या काचा थरथरल्या. ‘‘हे तुम्हीच न्या, मला पैसे नकोत,’’ मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, नेऊन ठेवू कुठं? आणि वाजवायला बोलावतंय कोण? वरातीला आता डीजे असतो.’’

त्याच्या या प्रश्नाने माझ्या छंदाची मर्यादा मला दाखवून दिली. वाद्याचा पोचा मी काढला होता. वादकाच्या उपजीविकेला पडलेला पोचा तसाच होता. कॅलिफोर्नियात 2011 च्या सुमारास शाळांमधून ट्युबा आणि सूझाफोन चोरीला जाऊ लागले. मेक्सिकन धाटणीच्या ‘बांदा’ संगीताला तेथे मोठी मागणी होती आणि चोरीची वाद्ये तिकडे जात असावीत, असा तर्क तेव्हा केला गेला. चोरीचे समर्थन मी करत नाही. पण वाद्याचे मोल ते वाजवणाऱ्याच्या मिळकतीतून ठरते, हे त्या तर्काच्या मुळाशी होते. आमच्यासारख्या संग्राहकांना ते दिवाणखान्यात टांगून ठेवताना कळत नाही. वादकाला काम नसेल, तर दुरुस्त केलेले वाद्य म्हणजे चकचकीत मोड.

आपल्याकडे बँडमध्ये वाजवणारे बहुतेक जण ज्या जातीजमातींतून येतात, त्यांना वाजवायला वरातीत पुढे ठेवले जाते आणि जेवायला शेवटी बसवले जाते. त्यांची मजुरी हंगामी, करार तोंडी, आणि वाद्य बहुधा मालकाचे. असंघटित श्रमिकांच्या नोंदणीसाठी 2021 साली ई-श्रम पोर्टल सुरू झाले. पण नोंदणीने सुपारी मिळत नाही. सुपारी समाजाने द्यावी लागते.

म्हणून आज एक छोटी सूचना करतो. शंभर जणांना एक पुस्तक पुरावे, या विचारातून वाचनालये उभी राहिली. त्याच विचाराने येथे वाद्यालय का उभे राहू नये? ज्याला काम मिळाले, त्याने नाममात्र वर्गणीवर वाद्य न्यावे, वाजवावे आणि परत आणावे. माझी तिन्ही वाद्ये त्यासाठी मी आज या संस्थेच्या स्वाधीन करतो. माझ्या अटी दोन. रविवारी सकाळी मुलांना शिकवण्यासाठी त्या वादकाला ठरलेले मानधन द्यावे. पहिल्या वर्षाचे मी देईन. आणि संस्थेच्या वार्षिक मिरवणुकीत ध्वनिवर्धकांची भिंत न लावता बँड बोलवावा, त्याला पूर्ण बिदागी द्यावी आणि जेवणाच्या पहिल्या पंगतीला वादकांना बसवावे.

ठराव कार्यकारिणीपुढे आहे. वाद्ये मी सोबत आणली आहेत. ती बाहेर व्हरांड्यात ठेवली आहेत.