डोळ्यातील जाळे
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



डोळ्याचा विकार म्हटला की आपण चष्मा आणि मोतीबिंदू यांवरच थांबतो. मला त्यामागच्या भागाविषयी बोलावयाचे आहे. भिंगाच्या मागे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक काचरस असतो व त्याच्या मागे पडदा. अरबी वैद्य या पडद्याला ‘शबकिया’, म्हणजे जाळीदार, म्हणत. १२व्या शतकात इब्न सीनाच्या ‘कानून’चे लॅटिन भाषांतर झाले, ‘रेटिना’ हा शब्द त्याच अर्थाने आला. विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून सांगितले.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले की कधी कधी अचंबा वाटतो. एखाद्या वृद्धाच्या काचरसात शेकडो शुभ्र कण चमकत असतात, जणू अमावास्येचे आकाश! १८९४ साली बेन्सन यांनी याचे वर्णन केले. हे कण चुना व स्निग्ध पदार्थांचे असतात. पाहणारा दचकतो, पण त्या गृहस्थांना बहुधा काहीच त्रास नसतो. सहसा उपचारही लागत नाहीत.

तरुणांत नेमके उलटे घडते. वीस-पंचविशीचा मुलगा येतो आणि म्हणतो, “डॉक्टरसाहेब, डोळ्यापुढे कोळ्याचं जाळं आलं, मग धूर झाला.” डोळा लाल नाही, दुखत नाही. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण. आत पाहावे तर पडद्याच्या कडेच्या शिरा सुजलेल्या आणि काचरसात रक्त! हेन्री ईल्स यांनी १८८० साली बर्मिंगहॅममध्ये हा विकार वर्णिला. आज मात्र तो आपल्याच देशात अधिक आढळतो. क्षयाशी त्याचा संबंध असावा असा जुना संशय आहे, म्हणून छातीचीही तपासणी करतात.

खरा घात पुढे आहे. पहिले रक्त पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप विरते. त्या दिवसांत सुरमा घातला असेल तर सुरम्याला गुण आला, मध घातला असेल तर मधाला! (बाजारच्या काही सुरम्यांत शिसे असते, ते वेगळेच.) माझ्याकडे एक मुलगा तिसऱ्या वेळी आला. तोवर रक्ताच्या जागी पांढरे पट्टे बनून पडदा ओढला गेला होता. वेळीच औषध आणि लेसर मिळाले असते तर डोळा बहुधा राहिला असता. त्याचे वडील एवढेच म्हणाले, “पण मधे तर बरा झाला होता की!”

मधुमेहातही काचरसात असेच रक्त येते. त्या रुग्णांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडदा तपासावा.

आपल्या जिल्ह्यातील ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. विजेसारख्या चमका, अचानक काळे ठिपके, बाजूने सरकणारी सावली ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणे असू शकतात. तिथे दिवस मोजावे लागतात, हंगाम नव्हे. गावी असाल तर अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कारखान्यावर असाल तर तेथील जिल्हा रुग्णालय गाठा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असू द्या आणि मोटारसायकल त्यालाच चालवू द्या.