फळ्यावरचे चक्र आणि पाणवठ्यावरचे चक्र

परोपजीवी अपृष्ठवंशीयांचा धडा बहुतेक वर्गांत फळ्यावरच्या वर्तुळाने सुरू होतो. लिव्हर फ्लूकचे अंडे, मिरासिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया, सर्केरिया, मेटासर्केरिया ही नावे बाणांनी जोडली जातात. विद्यार्थी ती घोकतात आणि परीक्षेत उतरवतात. वर्तुळात गोगलगायही असते, पण ती कोणत्या पाण्यात वाढते, म्हैस तिथे का उतरते आणि मेटासर्केरिया चिकटलेले काठचे गवत कोण कापून आणते, हे आकृतीत मावत नाही. पाणवठाच वगळून चक्र शिकवले जाते.

पाणवठ्यापासून सुरुवात करायला नारू या कृमीसारखे दुसरे उदाहरण नाही. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. शेवईसारखी पांढरी, मीटरभर लांब होऊ शकणारी मादी बहुधा पायातूनच बाहेर येते. फोडाची आग होते, म्हणून रुग्ण पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक कवचधारी जीव त्या गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत अळी लागण करण्याजोगी होते आणि हा सायक्लॉप्स पिण्याच्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातो. पुढचा फोड उठतो तो साधारण वर्षाने. गेल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याचा आज दुखणाऱ्या पायाशी संबंध कोण जोडणार? शिकवताना रेंगाळावे ते याच ठिकाणी. इथे घाई केली की बाकी सगळी पाठांतराची नावे उरतात.

पायऱ्यांच्या विहिरीत पाय आणि घागर एकाच पाण्यात बुडतात. रहाटाच्या विहिरीत पाय पोहोचतच नाही. लस नव्हती, कृमी मारणारे औषध नव्हते. तरी पायऱ्या बंद करणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकणे आणि पाणी गाळणे एवढ्यावर भारतात नारू संपला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात आढळला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. नारू हा शब्दच न ऐकलेली पिढी आज वर्गात बसते. हे यशच, शिक्षकाची मात्र पंचाईत.

सायक्लॉप्स मात्र तळ्यात अजून आहे. तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन मागे काळा कागद धरला, की झटके देत पोहणारे पांढरे ठिपके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा एकच तांबडा डोळा दिसतो, मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या पिशव्याही. हेच पाणी दुहेरी कापडातून गाळायला सांगावे. सुट्या अळ्या इतक्या बारीक असतात, की त्या कापडातून निसटतील. पण सायक्लॉप्समध्ये न वाढलेली अळी माणसाला बाधत नाही. सायक्लॉप्स अडला की काम झाले.

हाच उपाय शिस्टोसोमाला लागू पडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण नोंदले गेले होते. या कृमीचा सर्केरिया कातडीतूनच शरीरात शिरतो. पाणी गाळून प्यायले तरी ओढ्यात उभे राहून कपडे धुणाऱ्याची सुटका नाही.

बदल अभ्यासक्रमात हवा, तसा प्रश्नपत्रिकेतही हवा. ‘जीवनचक्राची सुबक आकृती काढा’ याऐवजी विहीर, गोठा, ओढा आणि खाचर दाखवणारा गावाचा नकाशा द्यावा आणि लिव्हर फ्लूकचे चक्र कुठे तोडता येईल, तिथे खूण करायला सांगावे.