‘बिगट’ म्हणजे कोण?

(कोल्हापूर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण)



इंग्रजी वर्तमानपत्रांत वारंवार येणाऱ्या ‘बिगट’ या शब्दाचा अर्थ काय, असे आपल्यातील एका विद्यार्थ्याने मला विचारले. कोशात ‘धर्मवेडा’, ‘दुराग्रही’ असे प्रतिशब्द सापडतात. पण तेवढ्याने अर्थ उलगडत नाही. जो स्वतःचे मत तपासू देत नाही, आणि त्या मताबाहेरच्या माणसाला माणूस म्हणून जवळ येऊ देत नाही, तो बिगट.

हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. बाराव्या शतकात फ्रेंच लोक नॉर्मन लोकांना हिणविण्यासाठी तो वापरीत. इ. स. 911 च्या तहाच्या वेळी नॉर्मनांचा पुढारी रोलो याने राजाच्या पायाचे चुंबन घेण्यास देवाची शपथ घेऊन नकार दिला, आणि त्या शपथेवरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. भाषापंडित तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत; शब्दाचे मूळ अनिश्चितच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तो धर्माचे ढोंग करणारा या अर्थाने. हेकेखोर हा अर्थ त्यास पुढे चिकटला. परक्यांना हिणविण्यासाठी काढलेला शब्द शेवटी हिणविणाऱ्याच्याच वृत्तीचे नाव झाला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे!

परंतु बिगट पाहावयास फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. आपली पंचगंगा जवळच आहे. 1899 साली तिच्या काठी शाहू छत्रपतींच्या स्नानप्रसंगी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. विचारणा होताच, शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, असे उत्तर मिळाले. ज्याचे अन्न खावयाचे, तोच शूद्र! राजोपाध्यांनीही वेदोक्त नाकारले, तेव्हा 1902 मध्ये त्यांचे वतन जप्त झाले.

एवढ्यावर थांबलो तर आपण अर्धीच कथा ऐकली असे होईल. भटजींच्या लेखी जे मराठे शूद्र होते, त्याच मराठ्यांपैकी दरबारच्या काही नोकरांनी, हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून, गंगाराम कांबळे यांना मारले. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान करणार नाही, असा नियम नाही. महाराजांनी मात्र स्वतःच्या अपमानातून निराळा धडा घेतला. त्यांनी गंगारामांना चहाचे दुकान काढण्यास मदत केली, तेथे स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांबरोबर उपस्थित राहिले, तेही याच वाटेने जाऊन.

आता आपल्या घरात पाहू. आपल्यातील एका कुटुंबात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, दीक्षा घेतलेल्या घरातला. तरी वडिलांनी हळूच पूर्वीची पोटजात विचारली, आणि ती निराळी निघताच बोलणे थांबविले. मुलगी म्हणाली, “बाबा, आता पोटजात कशासाठी पाहावयाची?”

वडील म्हणाले, “आपल्यात तशी रीत आहे.”

मुलीने त्या रीतीचे कारण विचारले. त्याचे उत्तर तिला अद्याप मिळालेले नाही.