पोटभर, तरीही पथ्याचे



वजन उतरवायचे म्हणजे अर्धपोटी राहायचे, हा समज आपल्या घराघरांत रुजला आहे. चार दिवस मन मारावे आणि पाचव्या दिवशी फरसाणाचा डबा उघडावा, असाच त्याचा शेवट होतो. म्हणून किती खावे याबरोबरच कशाने पोट भरते, हेही विचारले पाहिजे.

१९९५ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी ३८ खाद्यपदार्थ तपासले. प्रत्येकाचे उष्मांक सारखे ठेवून पुढील दोन तास भूक कितपत शमते, ते मोजले. उकडलेला बटाटा सर्वांत पुढे होता. तोच तळून वेफर झाला, तेव्हा पांढऱ्या पावाच्याही मागे पडला. पाणी, तंतू आणि प्रथिने यांनी युक्त अन्न भूक दीर्घकाळ शमवते, हे त्यातील सार.

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक हे आपले साधे जेवण या कसोटीला उतरते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जगाने साजरे केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचे दिसले. या व्याधीची कारणे अनेक आहेत. परंतु ताट आपल्या हाती आहे.

आरंभ मुलांच्या डब्यापासून करावा. संध्याकाळच्या भुकेसाठी बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे ठेवावेत. भुकेच्या वेळी जे हाताशी असते, तेच खाल्ले जाते.